कुंपणावरची बी

मोगली एरंडाची बी चवीला वाईट लागत नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. काळं टरफल दाताने किंवा दगडाने फोडलं की आत पांढरा, तेलकट, किंचित गोडसर गर निघतो. शाळेची मधली सुट्टी असते. मैदानाच्या कडेला हिरवं कुंपण असतं, त्यावर पिवळी पडून मग काळी होऊन तडकलेली फळं असतात. एकाने खाऊन पाहिली, ‘भारी लागते रे’ म्हणाला, की पाच मिनिटांत सगळ्यांच्या खिशात बिया. अर्ध्या-पाऊण तासाने पहिला उलटी करतो, मग दुसरा. वर्ग भरलेला असतो, बाई फळ्यावर लिहीत असतात, आणि वळून पाहतात तोवर चौघंपाचजण पोट धरून वाकलेले असतात.

ही बातमी महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर वारंवार येते, आणि पावसाळा सरल्यावर, फळं पिकतात तेव्हा, जास्तच. गाव बदलतं. झाडाला कुठे ‘चंद्रज्योत’ म्हटलेलं असतं, कुठे नुसतंच ‘एरंड’. बाकी मजकूर तोच: विद्यार्थ्यांना विषबाधा, ग्रामीण रुग्णालय, सलाईन, सर्वांची प्रकृती स्थिर. एकदोन दिवसांत मुलं घरी जातात, पालक देवाचे आभार मानतात, गुरुजींना वरून विचारणा होते. कुंपण जिथल्या तिथे उभं राहतं.

हे कुंपण तिथे आलं कसं, हे पाहिल्याशिवाय मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोलण्यात मला अर्थ वाटत नाही.

मोगली एरंड मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर तो आफ्रिकेत आणि आशियात पसरला. आपल्या शेतकऱ्याने तो उचलला तो एका मोठ्या गुणासाठी: गुरं आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पावसाच्या तोंडावर फांदी खोचली की लागते, पाणी घालावं लागत नाही, तारेचा खर्च नाही. पुढे डिझेलला पर्याय म्हणून या बियांच्या तेलाचं मोठं स्वप्न देशाने पाहिलं. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली दिलेल्या अहवालात देशातली १ कोटी ३४ लाख हेक्टर जमीन या लागवडीजोगी दाखवली होती. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी या झाडाचा आवर्जून पुरस्कार केला. गायरानांत, रुळांच्या कडेला, पडीक माळांवर रोपं लागली. तेलाचं उत्पन्न अपेक्षेच्या जवळपासही गेलं नाही, योजना विसरली गेली. झाडं जगली, कारण जगणं हाच त्यांचा गुण होता.

आता हाच निकष लावून आपल्या भोवतालची झाडं पाहा. महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर का? पाणी नसलं तरी फुलते, आणि मोकाट गुरं ती खात नाहीत. बंगल्याच्या फाटकापाशी, उद्यानाच्या कडेला पिवळ्या फुलांची बिट्टी का? तेच कारण. बांधावर शेर आणि निवडुंग, पडीक जागेत रुई, उकिरड्याशेजारी धोत्रा, डोंगरउतारावर घाणेरी: यातली काही आपण लावली, काही आपोआप टिकली, पण टिकली ती जनावरांनी टाळल्यामुळे. जनावर ज्याच्यापासून दूर राहतं ते आपण निवडून निवडून माणसांच्या वस्तीत आणलं, आणि त्याच वस्तीत चार वर्षांचं मूलही खेळतं, हा विचार लावताना कोणी केला नाही. शेळीला जे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने कळतं ते मुलाला कोणीतरी सांगावं लागतं. सांगणारी माणसं घरातून कमी होत गेली. झाडं कमी झाली नाहीत.

आयुर्वेदाच्या रसशास्त्रात सात ‘उपविषं’ सांगितली आहेत: रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोत्रा. अफू सोडली तर उरलेली सहाही आजच्या कोणत्याही तालुक्याच्या गावात तासाभराच्या फेरफटक्यात दिसतील. जुन्या वैद्यांनी ती औषधात वापरली, पण आधी शोधन केल्याशिवाय नाही. आपण ज्ञानाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे ‘औषधी आहे’, एवढाच लक्षात ठेवला.

देवघरातही ती आहेत. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोत्रा, रुई आणि कण्हेर ही तिन्ही येतात. महाशिवरात्रीला देवळाबाहेर धोत्र्याची काटेरी फळं विकायला असतात, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ जाते. कोकणात भाद्रपदात कळलावीची ज्वाळेसारखी फुलं ‘गौरीचे हात’ म्हणून घरात येतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे भयंकर विष असतं. पत्री गोळा करायला आपण मुलांनाच पाठवतो, आणि मला ती प्रथा मोडावीशी वाटत नाही. उलट, मूल झाडाजवळ जातं, पान ओळखतं, हा वर्षातला एकमेव दिवस अनेक घरांत उरला आहे. पत्री ताटात मांडताना ‘ही रुई, हिचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, हा धोत्रा, याची बी तोंडात घालायची नाही’ एवढं आजी सांगत असे. ते वाक्य गळलं आणि ताट तेवढं राहिलं.

जीभ नेहमी सावध करत नाही

नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणात आणि गोव्यात अंगणात तुळशीपाशी कारीट पायाने फोडतात आणि त्याचा कडूजहर रस जिभेला लावतात. वर्षातून एकदा घरातल्या प्रत्येकाची जीभ कडू म्हणजे काय ते शिकते. कडवटपणा हा जिभेचा जुना पहारेकरी आहे. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होते, प्रसंगी जीवही जातो, हे लक्षात आल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही हेच सांगितलं होतं, की दुधी कडू लागला तर फेकून द्या.

पण या पहाऱ्यावर विसंबता येत नाही, हे मोगली एरंडाने दाखवून दिलंय. बेहड्याच्या बीतला गरही खायला चांगला लागतो आणि जास्त खाल्ला तर गुंगी येते, हे सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना ठाऊक आहे. घाणेरीची पिकलेली काळी फळं खेड्यातली मुलं खातात, पण तिची हिरवी, कच्ची फळं त्रास देतात. आणि खूप लहान मुलाचा तर चवीशी संबंधच नसतो.

इथे वयाचा फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण सल्ले देणारे तो बहुधा घेत नाहीत. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल एकटं असतं, घरात असतं, आणि दिसेल ते तोंडात घालतं. ते कुंडीतलं एखादं पान चावतं आणि रडत थुंकून टाकतं. सहा ते बारा वयाचं मूल टोळक्यात असतं, घराबाहेर असतं, आणि खातं ते खाण्यासाठीच: भूक म्हणून, पैज म्हणून, दुसऱ्याने खाल्लं म्हणून. पहिल्यासाठी कुंडी उंचावर ठेवून काम भागतं. दुसऱ्यासाठी कुंपण उंचावर ठेवता येत नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या एका परिचारिका मला सांगत होत्या, “मुलं किती बिया खाल्ल्या ते खरं सांगतच नाहीत. आई शेजारी उभी असते ना. आम्ही आईला आधी बाहेर पाठवतो, मग विचारतो, बाळा, मार नाही मिळणार, किती खाल्ल्यास? मग दोनच्या दहा होतात.” आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली: टोळक्यातलं एखादं मूल गप्प राहतं, उलटी झालेली नसते, म्हणून त्याला गावातच ठेवून येतात, आणि रात्री त्याच्यासाठी पुन्हा गाडी करावी लागते. म्हणून एकाने खाल्लं असेल तर त्या वेळी बरोबर असलेली सगळी मुलं नेली पाहिजेत, ‘मी नाही खाल्लं’ म्हणणारंसुद्धा.

मोगली एरंडात बहुतेकदा निभावतं. त्यातले फॉर्बोल एस्टर हे घटक घसा, जठर आणि आतडी जाळतात. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जातं, ते सलाईनने भरून काढलं की मूल सावरतं. पण ही रोजची, निभावणारी घटना आपल्याला खोटा धीर देते. सगळ्याच बिया अशा नसतात.

बिट्टी, कण्हेर

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती बिट्टीची. पिवळी, घंटेच्या आकाराची फुलं, चकचकीत अरुंद पानं, आणि हिरवं, त्रिकोणी कंगोऱ्यांचं फळ. ते वाळून काळं पडलं की आतली कठीण कोय निघते, ती हातात घोळवायला छान, खेळायला छान, आणि म्हणून पोरांच्या खिशात जाते. ती फोडून आतला गर खाल्ला तर तो थेट हृदयावर काम करतो. हृदयाच्या जुन्या रुग्णांना डॉक्टर डिजॉक्सिन नावाचं औषध अत्यंत मोजून देतात. बिट्टीत आणि कण्हेरीत त्याच जातीची द्रव्यं आहेत, न मोजलेली. लहान मुलाच्या बाबतीत एखाददुसरी बीसुद्धा जिवावर बेतू शकते.

यातला फसवा भाग असा की सुरुवात साध्या उलट्यांनी होते. मूल दोनदा ओकतं, मग मलूल होऊन झोपतं, आणि घरचे म्हणतात, बरं झालं, पडून गेलं सगळं. नाडी मात्र मंद होत असते, ठोके चुकत असतात. म्हणून बिट्टी किंवा कण्हेर खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी मूल ठणठणीत दिसत असतानाच ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला हवं, आणि किमान एक पूर्ण दिवस तिथे देखरेखीखाली ठेवायला हवं. श्रीलंकेत १९८०च्या दशकापासून या विषबाधेचे रुग्ण फार मोठ्या संख्येने रुग्णालयांत येऊ लागले, आणि तिच्या उपचारांवरचं महत्त्वाचं संशोधन तिथेच झालं. डिजॉक्सिनवर उतारा म्हणून तयार केलेली प्रतिपिंडं बिट्टीवरही चालतात हे तिथल्याच अभ्यासाने सिद्ध केलं. तो उतारा फार महाग आहे, आपल्याकडे सहसा हाताशी नसतो. म्हणून वेळेवर पोचणं हाच इथला मोठा उपचार.

लाल-गुलाबी कण्हेरीच्या झाडाचा कोणताच भाग निर्धोक नाही. मूळ, साल, पान, फूल, फुलदाणीतलं पाणी, कशालाच मोकळीक देता येत नाही. छाटलेल्या काटक्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत, धूरही त्रास देतो. हल्ली गच्चीवरच्या बागांत फार लाडकं झालेलं, फुगीर बुंध्याचं आणि गुलाबी फुलांचं अडेनियम हे याच कुळातलं आहे, हे ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसतं.

धोत्रा आणि वाया गेलेले तास

गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात धोत्र्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याला लुटायचं त्याच्या अन्नात धोत्रा घालणाऱ्या चोरांबद्दल त्यात लिहिलं आहे. म्हणजे निदान साडेचारशे वर्षं तरी या झाडाची करणी कागदावर आहे. तरीही आजही धोत्रा खाल्लेलं मूल आधी रुग्णालयात पोचेलच अशी खात्री नाही.

कारण त्याची लक्षणं. बी पोटात गेल्यावर साधारण अर्ध्या-एक तासात तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, उजेड सहन होत नाही. मग मूल बरळायला लागतं. हवेतलं काहीतरी चिमटीत पकडायला जातं, नसलेल्या माणसाशी बोलतं, आईला ओळखत नाही. संध्याकाळची वेळ असेल आणि मूल खेळून ओढ्याकडून परतलेलं असेल, तर घरातल्या मोठ्यांच्या मनात पहिला शब्द येतो ‘बाहेरचं’. लिंबू उतरवलं जातं, अंगारा लावला जातो, देवर्षीकडे नेलं जातं. धोत्र्याचा अंमल बरेचदा एक-दोन दिवसांत उतरतो, त्यामुळे अंगाऱ्याला यशही मिळतं, आणि पुढच्या मुलाच्या वेळी तोच मार्ग धरला जातो. पण मधल्या काळात ताप मेंदूवर जाऊ शकतो, झटके येऊ शकतात, लघवी तुंबते, हृदयाचे ठोके बेफाम होतात.

मला वाटतं, प्रत्येक अंगणवाडी ताईला आणि आशा ताईला ही एक खूण तरी पक्की माहीत असावी: अचानक बरळणारं मूल, कोरडं तोंड आणि मोठ्या बाहुल्या दिसल्या तर धोत्रा. खिसे तपासा, हाताला चिकटलेल्या चपट्या, पिवळट-तपकिरी बिया पाहा. त्या मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, हेही लक्षात ठेवा.

गुंजेचा उशीर

लाल अंगावर काळा डोळा असलेली गुंज पाहून हात पुढे होणार नाही असं मूल मी पाहिलेलं नाही. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा: सोनाराच्या तराजूत ती राहिली, बैठ्या खेळांत ती राहिली, तिचा गोड पाला विड्यात घातला जातो. पाला चालतो, बी नाही.

निसर्गाने गुंजेला इतकं टणक कवच दिलं आहे की अख्खी गिळलेली बी पुष्कळदा तशीच शौचावाटे पडून जाते. चावलेली, फुटलेली, किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज ही वेगळी गोष्ट आहे. आतलं अब्रिन पेशींचं प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडतं. साध्या एरंडाच्या बीतलं रायसिन हेच करतं. त्यावर नेमका उतारा नाही, आणि परिणाम लगेच दिसत नाही. काही तास, कधी एक-दोन दिवसही मधे जातात. आज खाल्लं, आज काही झालं नाही, म्हणून सुटलो असं इथे मानता येत नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल इथल्या ‘ईडन प्रोजेक्ट’ या प्रसिद्ध उद्यानाने २०११ साली आपल्या दुकानातून विकलेली गुंजांची ब्रेसलेट परत मागवली होती. आपल्याकडे यात्रेत आणि हस्तकलेच्या दुकानात गुंजांचे दागिने आजही सहज मिळतात, आणि ते घेऊन आपण लहान मुलीच्या मनगटात बांधतो.

चिकाबद्दल थोडं. शेराचा किंवा निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला की आग होते, मूल किंचाळतं आणि निदान कळतं तरी. रुईचा चीक याहून कावेबाज: पहिल्यांदा फारसं दुखत नाही, काही तासांनी धुरकट दिसायला लागतं. दोन्हींत एकच काम, तेही त्याच क्षणी: नळाच्या वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटं धुणं, आणि मग डोळ्यांचा डॉक्टर. दूध, तूप, गुलाबपाणी काही नको.

दिवाणखान्यातल्या कुंड्या

शहरातल्या आईबापांना मात्र धोत्र्याची नाही, डंब केनची भीती असते. मोठ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांचं हे झाड मुलाचा जीव एका मिनिटात घेतं, असा संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खोटा आहे. डंब केन, मनी प्लांट, पीस लिली, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम या सगळ्यांच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चावलं की ते जिभेत, गालात, घशात टोचतात. जळजळ होते, लाळ गळते, सूज येते. मूल बहुधा पहिल्याच घासाला थुंकतं. तोंड पुसून गार पाणी किंवा दूध थोडं थोडं द्यावं. जीभ-घसा सुजून गिळता येत नसेल, आवाज बसला असेल, श्वास घेताना आवाज येत असेल तर मात्र तत्काळ रुग्णालय.

हे स्फटिक मराठी घराला नवे नाहीत. अळूत आणि सुरणात तेच असतात. म्हणून तर आपण अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका घालतो, आणि अळूवडी घशाला खवखवली तर ‘अळू खाजरं निघालं’ म्हणतो. ज्या घरात अळू शिजतं त्या घराने डंब केनला घाबरून दवाखाना डोक्यावर घ्यायची गरज नाही. कुंडी फक्त मुलाच्या हाताबाहेर ठेवायची. माझी तक्रार या अफवेबद्दल वेगळीच आहे. तिने सगळी भीती कुंडीकडे वळवली, आणि सोसायटीच्या खेळाच्या जागेला लागून असलेल्या बिट्टीच्या रांगेकडे कोणी पाहिलं नाही.

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. तिथल्या एका ठिकाणी एक तरुण जोडपं कडेवरच्या बाळासह कुंड्या निवडत होतं. विकणाऱ्या दादांना झाडांची नस ठाऊक होती: कुठल्याला ऊन नको, कुठल्याला पाणी आठवड्याने, कुठलं एसीत टिकतं. “बाळाने पान चावलं तर?” असं मी विचारल्यावर ते थांबले. “तसं कोणी विचारत नाही हो,” म्हणाले, आणि मग स्वतःच अडेनियमची कुंडी उचलून मागे ठेवली. म्हणजे माहिती होती, फक्त ती मागितली जात नव्हती. ब्रिटनमध्ये रोपविक्रेत्यांनी अशा झाडांची यादी करून कुंडीच्या चिठ्ठीवर इशारा छापण्याची पद्धत पाडली आहे. आपल्या रोपवाटिकांच्या संघटनांना आणि कृषी विद्यापीठांना हे काम अवघड नाही. ‘ऊन कमी, पाणी कमी’च्या खाली ‘मुलांपासून दूर’ एवढीच एक ओळ वाढेल.

खाल्लंच तर

सर्वांत मोठं नुकसान घरगुती उपायांनी होतं, म्हणून हे जरा सविस्तर. उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजणं हा आपल्याकडचा सर्रास उपाय; लहान मुलाच्या रक्तातलं मीठ त्याने इतकं वाढू शकतं की झाडाच्या विषाआधी तेच घात करतं. घशात बोटं घालू नका. गुंगीतल्या मुलाची उलटी श्वासनलिकेत जाते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००३ साली उलटी करवणारं औषधही घरात ठेवू नका असं सांगून टाकलं. तूप, अंडं, ताक, चुलीतल्या कोळशाची पूड यांतलं काही देऊ नका. रुग्णालयात देतात तो कोळसा वेगळा, खास तयार केलेला असतो, आणि तो द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात.

करायचं ते एवढं: तोंडातले तुकडे बोटाने काढा, चूळ भरायला लावा, हात धुवा. काय, किती, किती वाजता खाल्लं ते न रागावता विचारून लिहून घ्या. आणि झाडाची फांदी सोबत न्या, पान, फळ, उरलेली बी यांच्यासकट. फोटो असला तर उत्तम, पण फांदी हवीच, कारण नावावर भरवसा ठेवता येत नाही. एरंड म्हणून आलेलं निम्म्या वेळा मोगली एरंड निघेल, आणि कण्हेर म्हणून आलेली बिट्टी. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये १९९५ सालापासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं, १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर पालक आणि डॉक्टर दोघंही विचारू शकतात. रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन क्रमांक शाळेच्या कार्यालयात भिंतीवर लिहिलेले असावेत, मुख्याध्यापकांच्या मोबाइलमध्ये असून उपयोगाचे नाहीत.

शाळेचं कुंपण

अशी घटना घडल्यावर शाळांत सूचना निघते: विद्यार्थ्यांनी कोणत्याही झाडाचं काहीही खाऊ नये. मला ही सूचना चुकीची वाटते. तिने करवंदं, जांभळं, बोरं, तोरणं, आवळे, चिंचा सगळंच एका दमात गुन्हा ठरतं, आणि मुलांना ते खोटं आहे हे अनुभवाने ठाऊक असतं. एक खोटी सूचना दिली की खरी सूचनाही ऐकली जात नाही. त्यापेक्षा पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींनी मुलांना घेऊन कुंपणाला एक फेरी मारावी. गावातली एखादी जाणती आजी, गुराखी किंवा वैदू बरोबर असावा. हे खायचं, हे नाही, हे पिकल्यावरच, हे हाताळलं तर हात धुवायचे. मुलांना चौथीच्या पुस्तकापेक्षा हे जास्त लक्षात राहतं. जैवविविधता कायदा २००२ सालचा; त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. त्या नोंदवहीत मुलांना अपायकारक झाडांचं एक पान करावं: कुठे आहेत, कधी फळतात, गावात त्यांना काय म्हणतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गावांच्या पानावर काजऱ्याची नारिंगी फळं आधी येतील, विदर्भाच्या पानावर दुसरंच काही.

आणि काही कुंपणं काढायलाच हवीत. सगळी नाहीत. शेताच्या बांधावरचा मोगली एरंड राहू द्या, त्याने गुरं अडतात. पण अंगणवाडी, शाळा, खेळाचं मैदान, उद्यान आणि सोसायटीच्या घसरगुंडीभोवती मोगली एरंड, बिट्टी, कण्हेर आणि शेर नकोत. त्या जागी निरगुडी लावता येते, तिला गुरं सहसा खात नाहीत आणि ती पावसात फांदीवर लागते. अडुळसा लावता येतो. दोन्हींना मुलांना खावंसं वाटेल असं फळ नाही. काटेरी हवं असेल तर करवंद आहे, त्याचं फळ खाल्लं तर बिघडत नाही. छाटायचं असेल तर मेंदी. यांतल्या बहुतेकांची रोपं किंवा छाट कलमं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत किंवा शेजारच्या गावात मिळतात.

काढण्याचं काम मोठ्यांनी करायचं, हातमोजे घालून, मुलं शाळेत नसताना. चीक डोळ्यात उडू द्यायचा नाही. तोडलेलं जाळायचं नाही, खड्ड्यात पुरायचं, आणि खाली सांडलेल्या बिया झाडून गोळा करायच्या, कारण पुढच्या पावसात त्या उगवतात आणि त्याआधी कोणाच्या तरी खिशात जातात. यंदा कुंपण बदलणं जमणारं नसेल तर निदान श्रावण-भाद्रपदात, फळं हिरवी असतानाच, ती उतरवून घ्यावीत. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असली तरी मैदान उघडं असतं, आणि शहरातून आजोळी आलेली मुलं तिथेच खेळायला जातात. गावातल्या पोरांना निदान ऐकून माहीत असतं. पाहुण्या मुलांना ते पहिल्याच दिवशी, पोचल्या पोचल्या, अंगणात नेऊन दाखवावं लागतं.